पान बेचाळीस

पान बेचाळीस बाळाक्का मगदूमचं.
वर नाव, नावाखाली गल्ली,
कोपऱ्यात माझ्या वडलांच्या तिरप्या अक्षरात :
‘पेन्शन आली की देणार.’
वडील गेले. वही तीनदा बदलली.
पानाचा नंबर तेवढा मी तोच ठेवत आलो.

दुकानात दारालाच एक पाटी आहे.
सकाळी शटर उचललं की मी तिच्यावर दर लिहितो :
तूरडाळ, गोडेतेल, साखर, गूळ.
तूरडाळीपुढचा आकडा इतक्यांदा पुसलाय
की तिथं पाटी पांढरी पडलीय.
बाळाक्काचा आकडा कुठल्या पाटीवर लिहिलाय
मला ठाऊक नाही.
जिथं असेल तिथला लिहिणारा
खडू ठेवून जेवायला गेलाय.

मेसेज कानडीत येतो.
ती फोन काट्याच्या पारड्यातच ठेवते :
“वाच बगू. आलं काय?”
मी वाचतो.
कानडीतही जमाला जमाच म्हणतात,
दराला दर, बाकीला बाकी.
निपाणीत एवढी भांडणं झाली, मोर्चे निघाले,
हे तीन शब्द कुणी वाटून मागितले नाहीत.

आलंय म्हटलं की ती पदराला अंगठा पुसते.
पंचेचाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं,
अंगठ्यावरच्या रेघा पानांबरोबर गेल्या
कुणाकुणाच्या ओठांपर्यंत.
बँकेच्या पोराचं मशीन तिला ओळखत नाही.
पुन्हा. पुन्हा.
“आज्जी, दुसरं बोट द्या.”
ती करंगळी पुढं करते,
कट्टी घेतल्यासारखी.

बाराशे पहिल्यांदा आले तेव्हाचं पान
मी फाडून जपून ठेवलंय :
तेल दोन किलो, तूरडाळ दीड, चहापूड, साबण चार,
नातवाला चिक्की,
आणि खाली, रेघ मारून, ‘रोख परत’.
हल्ली तेल सुट्टं, पावशेर.
डाळ ती मुठीत घेते, नाकाशी नेते,
परत पोत्यात सोडते.
“मसूर दे. पचाय हलकी असत्या.”

पाच रुपयाचा बिस्किटाचा पुडा मात्र पाचलाच आहे.
तळहातावर घेऊन तोलते तो.
“ह्यात पयलं सात हुती रं. आता चार.
भाईर आकडा त्योच, आत कमी कमी.
माजी पेन्शन बी ह्याच कंपनीची दिसत्या.”
आणि दात नसलेलं हसते,
मला हसावं की नाही कळत नाही.

कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कागल.
तिथं तिची धाकटी बहीण, हौसाक्का.
एकाच मांडवात दोघींची लग्नं,
एक वर दिली, एक खाली,
मधनं राज्य जातंय हे भटजीला कुठं माहीत.
गुरुवारी माझ्या दुकानातनं फोन लागतो,
स्पीकरवर, कारण दोघींनाही कमी ऐकू येतं.
“तुमच्यात जास्ती द्यात्यात म्हणं?”
“द्यात्यात, पर दोन-दोन म्हयनं येत न्हाई.
तुजं बरं हाय.”
“माजं कुटलं? तुजं बरं हाय.”
“शिलिंडर कितीला तुमच्यात?”
बाळाक्का सांगते.
पलीकडनं थोडा वेळ कोंबडीचाच आवाज येतो.
“आमच्यात बी तेवढ्यालाच की गं.”

एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही.
गुरुवारी पाटी मी दहा वाजेपर्यंत पुसत नाही.
घाऊक बाजारातनं नवा दर पहाटेच आलेला असतो फोनवर.
कालचाच राहू देतो.
बाळाक्का नऊला येते,
पाटीकडं बघते, माझ्याकडं बघत नाही,
आणि पिशवीचं तोंड उघडते.

मागच्या गुरुवारी ती साडेआठलाच आली.
शटर अजून माझ्या गुडघ्यापर्यंतच वर होतं,
खालून चपला दिसल्या. मोजल्या.
पाच जोड.
विडी कारखान्यातल्या जुन्या सगळ्या,
पिशव्या घडी घालून काखेत.
कुणी काही बोललं नाही.
मी खडू खिशात टाकला
आणि शटर पूर्ण वर ढकललं.